चाकं उघडी का, आणि रांगेत चाललेल्या गाड्यांत बघायचं काय?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मुलाच्या हट्टाखातर तुम्ही मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. गाड्या एकामागे एक फिरत राहिल्या, जो पुढून सुटला तोच पुढे राहिला, आणि यात लोक एवढे वेडे का होतात ते तुम्हाला कळेना. दुसरा प्रश्न मुलाचा: या गाड्यांची चाकं उघडी का? झाकली तर जास्त जोरात नाही का पळणार?

मुलाच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

मी कोल्हापूरचा. सोळा वर्षं कोइमतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर सिंगल-सीटर गाड्यांचं काम केलं, आधी हातात पाना घेऊन, नंतर लॅपटॉप घेऊन. त्यामुळे मी जे सांगतोय ते बरंचसं गाडीखाली झोपून पाहिलेलं आहे.

झाकलेल्या चाकांची गाडी सरळ रस्त्यावर जास्त पळते, मुलगा बरोबर बोलला. उघडं फिरतं चाक हवा घुसळत जातं, आणि गाडीला मागे ओढणाऱ्या हवेच्या जोरात या चार चाकांचा वाटा मोठा असतो. मर्सिडीजने १९५४ साली चाकं झाकून पाहिलीच होती. फ्रान्समध्ये रीम्सला त्यांनी चाकांसकट सगळं अंग झाकलेली डब्ल्यू १९६ आणली, आणि हुआन मॅन्युएल फांजिओ व कार्ल क्लिंग पहिले-दुसरे आले. रीम्स म्हणजे लांबलचक सरळ रस्ते. दोनच आठवड्यांनी सिल्व्हरस्टोनला वळणं आली आणि गणित फिरलं. तिथे वळणाची कड दाखवायला तेलाची रिकामी पिंपं ठेवलेली असत. फांजिओसारखा फांजिओ, पण त्याचीही गाडी त्या पिंपांना लागत राहिली, कारण आपलं पुढचं चाक नेमकं कुठे आहे हे त्याला दिसतच नव्हतं. तो चौथा आला. पुढे मर्सिडीजने वळणांच्या ट्रॅकसाठी उघड्या चाकांची गाडी वापरली आणि झाकलेली मोंझासारख्या पळत्या ट्रॅकसाठी राखून ठेवली.

आता तर चाकं उघडी असणं हा नियमच आहे. पण फांजिओला जे हवं होतं तेच प्रेक्षकालाही मिळतं: चाक दिसतं. पुढचं चाक वळलंय पण गाडी सरळच घसरत चाललीय, हे दिसतं. ब्रेक मारताना एक चाक जाम होऊन पांढरा धूर निघाला, हे दिसतं. टायरच्या रबरावर सुरकुत्या पडायला लागल्या, हेसुद्धा गाडीवरच्या कॅमेऱ्यातून दिसतं. बंद गाडीत हे सगळं पत्र्याआड राहतं.

आणि याच उघड्या चाकांमुळे हा खेळ धोक्याचा होतो. पळत्या गाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. त्याची पुढची बाजू खाली जात असते, मागची बाजू वर येत असते. आता मागच्या गाडीचं पुढचं चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला टेकलं, तर वर चढणारं रबर खाली उतरणाऱ्या रबराला भिडतं आणि मागची गाडी उचलून फेकली जाते. २०१० साली व्हॅलेन्सियाला मार्क वेबर असाच हेइकी कोवालाइनेनच्या मागच्या चाकावर चढला, हवेत उलटा झाला आणि सुदैवाने पुन्हा चाकांवर पडला. स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. २०२० मध्ये बहरीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी पहिल्याच लॅपमध्ये दुसऱ्या गाडीच्या चाकाला लागली आणि कठड्यात घुसून तिचे दोन तुकडे झाले. आगीतून तो बाहेर आला तो सुमारे २८ सेकंदांनी. डोक्यावरची हेलोची कमान नसती तर तो वाचला नसता. ही कमान सक्तीची झाली २०१८ साली. दिसायला चांगली नाही म्हणून तेव्हा पुष्कळ ओरड झाली होती, माझ्या ओळखीतलेही बरेच जण कुरकुरत होते. २०२१ मध्ये मोंझाला मॅक्स व्हर्स्टॅपेनच्या गाडीचं मागचं चाक लुइस हॅमिल्टनच्या डोक्यावर येऊन थांबलं, तेव्हाही मध्ये हेलोच होता.

बंद गाड्यांच्या शर्यतीत दाराला दार घासून पुढे काढता येतं. इथे तेवढ्याच धक्क्यात दोघांचीही शर्यत संपते. म्हणून उघड्या चाकांच्या दोन गाड्या जेव्हा शेजारी-शेजारी वळणात शिरतात, तेव्हा त्या दोघांमध्ये न बोलता एक करार झालेला असतो: तू मला एका गाडीपुरती जागा सोड, मीही तुला सोडतो. ताशी दोनशेच्या वर, अर्ध्या सेकंदात केलेला करार. मला या खेळात सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ते हे.

एक प्रसंग सांगतो. कोइमतूरची शर्यत होती, गाडीला रस्त्याशी दाबून धरणारे पंख नसलेल्या, अगदी प्राथमिक दर्जाच्या गाड्यांची. आमचा चालक एकोणीस वर्षांचा होता. शेवटच्या तीन लॅप्स तो आणि चेन्नईचा एक मुलगा एकमेकांना सोडेनात. सरळ रस्त्यावर हा पुढे, वळणाच्या तोंडाशी तो पुढे. आमचा दुसरा आला. गाडी आत आली तेव्हा डाव्या बाजूच्या पांढऱ्या पॅनेलवर टायरचा काळा गोल उमटला होता, ताटाएवढा, आणि त्याच्या आत रबराच्या बारीक रेघा. पुढचा टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, किंचित वाकलेला. मी विचारलं, "जागा होती का रे?" तो म्हणाला, "होती दादा. त्याने ठेवली होती. मीच थोडा जास्त आत गेलो." तेवढ्यात तो चेन्नईचा मुलगा हेल्मेट काखेत घेऊन आला. एकाला तमिळ येईना, दुसऱ्याला मराठी. त्याने त्या काळ्या गोलावर बोट फिरवलं, मग आमच्या पोराला हाताला धरून आपल्या गाडीकडे नेलं. तिच्या मागच्या टायरच्या कडेवर आमच्या गाडीचा पांढरा रंग लागला होता. दोघं बराच वेळ ते बघत उभे होते. आणखी दोन बोटं आत गेला असता तर काय झालं असतं हे दोघांनाही कळलं होतं. तो पॅनेल मी पुढच्या शर्यतीपर्यंत पुसू दिला नाही.

आता हवेकडे येऊ. रांग लागते ती हवेमुळे.

हायवेवर ट्रकच्या मागे मोटारसायकल चालवली असेल तर तुम्हाला दोन गोष्टी माहीत आहेत. ट्रकच्या अगदी मागे गेलं की समोरचा वारा पडतो, गाडी कमी अॅक्सिलरेटरवर पळते. आणि बाजूने पुढे काढायला गेलं की हवेचे धक्के बसून हँडल थरथरतं. रेसिंगच्या गाडीला या दोन्ही गोष्टी कितीतरी जास्त जाणवतात. सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागची पोकळी मागच्याला खेचून घेते. याला स्लिपस्ट्रीम म्हणतात. पण वळणात गाडीला रस्त्याशी दाबून धरतात ते तिचे पंख आणि तिच्या तळाचा आकार, आणि त्यांना स्वच्छ हवा लागते. पुढच्या गाडीने, तिच्या उघड्या चाकांनी ती हवा घुसळून टाकलेली असते. फॉर्म्युला वनने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२१ पर्यंतच्या गाड्या समोरच्या गाडीच्या २० मीटर मागे ३५ टक्के, आणि १० मीटर मागे ४६ टक्के दाब गमावत होत्या. म्हणजे जसजसं जवळ जावं तसतशी गाडी हलकी होत जाते, घसरायला लागते, घसरण्याने टायर तापतात, तापले की पकड आणखी जाते. मग चालकाला दोन पावलं मागे यावं लागतं. तुम्हाला टीव्हीवर जी कंटाळवाणी रांग दिसली, ती प्रत्यक्षात अशी सारखी जवळ जाण्याची आणि मागे ढकललं जाण्याची झुंज असते.

याचं सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण २०१० सालच्या अबू धाबीचं. हंगामातली शेवटची शर्यत. फर्नांडो अलोन्सो गुणांत सगळ्यांच्या पुढे होता, चौथा आला असता तरी विश्वविजेता. फेरारीने त्याला टायर बदलायला लवकर बोलावलं, आणि तो बाहेर आला तो विताली पेत्रोव्ह या नवख्या रशियन चालकाच्या मागे. फेरारी उघड उघड जास्त वेगवान होती. तरी सुमारे चाळीस लॅप्स अलोन्सोला त्या एका गाडीच्या पुढे काही जाता आलं नाही. तो सातवा आला आणि अजिंक्यपद चार गुणांनी सेबास्टियन व्हेटेलकडे गेलं. त्या संध्याकाळी मी अलोन्सोच्या बाजूने होतो. आजही ती शर्यत पुन्हा पाहवत नाही.

पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, डीआरएस आलं. ते आधीच ठरलेलं होतं, या शर्यतीमुळे आलं असं नाही. ठरलेल्या रेषेवर तुम्ही पुढच्याच्या एका सेकंदाच्या आत असाल तर मागचा पंख उघडायचा आणि सरळ रस्त्यावर जास्त पळायचं. ओव्हरटेक वाढले, पण माझ्या मते बरेचसे फुकटचे. पुढचा माणूस हात-पाय बांधलेला आणि मागचा हायवेवर गाडी काढावी तसा शेजारून निघून गेला, यात दोघांचंही कसब दिसत नाही. २०२२ मध्ये गाडीच्या तळातून दाब मिळवणारा नवा आराखडा आला. १० मीटर मागे तोटा ४६ वरून १८ टक्क्यांवर आणायचा हेतू होता. पहिल्या वर्षी फरक डोळ्यांना दिसला, मग इंजिनिअर लोकांनी नियमांच्या फटी शोधून हवा पुन्हा घुसळायला सुरुवात केली. २०२६ च्या नियमांत डीआरएस काढून पुढचे-मागचे दोन्ही पंख हलणारे केले, आणि पुढच्याला गाठणाऱ्यासाठी विजेची जादा ताकद ठेवली.

अमेरिकेत मात्र हीच हवा उलट खेळ करते, आणि ते पाहिल्याशिवाय उघड्या चाकांची गोष्ट पुरी होत नाही. इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा, चार डावी वळणं, २०० लॅप्स, ३३ गाड्या. १९११ पासून ही 'इंडियानापोलिस ५००' शर्यत चालू आहे. सरळ रस्त्यावर वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास. तिथे सरळ रस्ते इतके लांब आहेत की मागच्याला मिळणारी ओढ वळणातल्या तोट्यापेक्षा जास्त भरते. म्हणून शेवटच्या लॅपला पुढे असणं हीच अडचण होऊन बसते. २०२३ मध्ये जोसेफ न्यूगार्डनने शेवटच्या लॅपमध्ये मार्कस एरिक्सनला मागे टाकलं. २०२४ मध्ये शेवटच्या लॅपच्या पहिल्या वळणावर पॅटो ओ'वॉर्ड पुढे गेला आणि तिसऱ्या वळणावर न्यूगार्डनने त्याला बाहेरून गाठून पुन्हा तीच शर्यत जिंकली. पाचशे मैलांचा हिशोब शेवटच्या एका मैलात. १९९२ साली अल अन्सर ज्युनिअर जिंकला तो ०.०४३ सेकंदांनी, ही तिथल्या सगळ्यात अटीतटीच्या शर्यतींपैकी एक आहे. तुम्हाला पहिल्या फटक्यात थरार हवा असेल तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली ही शर्यत बघा. आपल्याकडे रात्री सुरू होते, तेवढं जागरण करावं लागेल.

पण मन लावून बघायला शिकायचं असेल तर टायर शिकावे लागतात. प्रेक्षकासाठी हा या खेळाचा सगळ्यात अवघड भाग आहे, कारण खरी लढत कधी कधी दोन गाड्यांमध्ये वीस सेकंदांचं अंतर असताना चालू असते आणि पडद्यावर काहीच घडताना दिसत नाही.

गाडी आत आली की आम्ही पहिली गोष्ट काय करतो? टायरच्या रबरात सुईचा थर्मामीटर खुपसतो. आतल्या कडेला, मध्ये, बाहेरच्या कडेला. मधला आकडा दोन्ही कडांपेक्षा जास्त आला तर हवा जास्त भरली गेलीय. आतली कड फार तापली असेल तर चाकाचा कल जास्त आहे. मग तळहात फिरवायचा. चांगला टायर हाताला एकसारखा, चिकट लागतो. संपलेला टायर खरखरीत लागतो, त्यावर कोथिंबिरीच्या काड्यांसारख्या रबराच्या गुंडाळ्या उठलेल्या असतात. टीव्हीवर समालोचक नुसतं म्हणतात, "टायर गेले." त्या दोन शब्दांत एवढं सगळं असतं.

फॉर्म्युला वनमध्ये कोरड्या ट्रॅकसाठी तीन प्रकार: लाल पट्टीचा मऊ, पिवळ्या पट्टीचा मध्यम, पांढऱ्या पट्टीचा कडक. कोरड्या शर्यतीत त्यातले किमान दोन वापरावेच लागतात. मऊ टायर पकडतो छान, झिजतोही लवकर. टायर बदलायला आत जाऊन येण्यात वीसेक सेकंद जातात, प्रत्यक्ष चाकं बदलायला मात्र दोन-अडीच. २०२३ मध्ये कतारला मॅकलॅरेनच्या माणसांनी लँडो नॉरिसची चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. ज्याने एक नट एअर गनने काढून पुन्हा कसलाय त्याला या आकड्याची किंमत कळेल. मी कधी पाच सेकंदांच्या खाली आलो नाही.

आता २०१९ ची हंगेरीची शर्यत घ्या. एकूण ७० लॅप्स. व्हर्स्टॅपेन पुढे, हॅमिल्टन त्याच्या शेपटीला. एकदा हॅमिल्टनने बाहेरून प्रयत्न केला, गाडी रुंद गेली. हवा आडवी येतेय हे त्याच्या संघाला, मर्सिडीजला, कळलं. त्यांनी ४८ व्या लॅपला हॅमिल्टनला आत बोलावून मध्यम टायर घातले. तो बाहेर आला तेव्हा वीसेक सेकंद मागे, हातात २२ लॅप्स. व्हर्स्टॅपेन जुन्या कडक टायरवर. ज्याला हिशोब माहीत नाही त्याला वाटेल शर्यत संपली. ज्याला माहीत आहे तो खुर्चीच्या कडेला आला, कारण लॅपमागे साधारण एक सेकंद खाल्ला की पुरत होतं. तेवढ्या लॅप्स पडद्यावर दोन गाड्या एका फ्रेममध्येसुद्धा नव्हत्या. फक्त कोपऱ्यातला आकडा उतरत होता. ६७ व्या लॅपला हॅमिल्टन पुढे गेला, आणि तोवर व्हर्स्टॅपेनच्या टायरमध्ये लढण्याइतकाही जीव राहिला नव्हता.

तुमच्या मोनॅकोचं वेगळं आहे. ३.३३७ किलोमीटरची गावातली गल्ली, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. गाड्या वर्षानुवर्षं रुंद आणि लांब होत गेल्या, गल्ली तेवढीच राहिली. २०२५ मध्ये दोनदा टायर बदलणं सक्तीचं करून पाहिलं, तर काही संघांनी एका गाडीला मुद्दाम सावकाश चालवून आपल्या दुसऱ्या गाडीसाठी जागा करून घेतली. रविवारी तिथे ओव्हरटेक शोधू नका. मोनॅको शनिवारी बघायचं असतं, जागा ठरवणाऱ्या फेरीत, जेव्हा गाडी एकटी असते आणि समोर फक्त कठडा असतो. २०२३ ची फेरी पाहा. अलोन्सो सगळ्यात पुढे. व्हर्स्टॅपेन दोन तृतीयांश लॅप संपल्यावर त्याच्यापेक्षा सुमारे दोन दशांश सेकंदांनी मागे. उरलेल्या तुकड्यात त्याने मागचं चाक कठड्याला घासत घासत गाडी आणली आणि ०.०८४ सेकंदांनी पहिला आला. चाक उघडं होतं म्हणून ते घासणं तुम्हाला दिसतं.

आणि ओव्हरटेक झाला नाही म्हणजे शर्यत वाईट, हे काही मला मान्य नाही. २००५ ला इमोलात शेवटच्या डझनभर लॅप्स मायकेल शूमाकर जास्त वेगवान गाडी घेऊन अलोन्सोच्या मागे होता. अलोन्सोने प्रत्येक वळणात गाडी नेमकी तिथे ठेवली जिथे शूमाकरला ती नको होती. वळणातून बाहेर पडताना लवकर सुटायचं, शिरताना त्याला थांबवायचं. शेवटी अंतर ०.२१५ सेकंद. एकही ओव्हरटेक नाही, आणि मी उभा राहूनच पाहिली.

शक्य असेल तर मुलाला एकदा प्रत्यक्ष घेऊन जा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं फॉर्म्युला वन आली, तिन्ही वेळा व्हेटेल जिंकला, मग ते बंद झालं. पण कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन लावून स्वस्तातल्या सिंगल-सीटर गाड्या बांधल्या, त्यांच्या नावाचा हा करी ट्रॅक; त्याच गाड्यांवर शिकलेला कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचला. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकून आला. आपल्या कोल्हापुरातही कार्टिंगचा ट्रॅक आहे, मुलाला तिथे दहा मिनिटं बसवून बघा, समोरच्या गाडीचं मागचं चाक किती जवळ येतं ते त्याला कळेल. आणि पंख नसलेल्या साध्या गाड्यांना कमी लेखू नका. पंख नाहीत म्हणजे हवेचं रडगाणंही कमी, सात-आठ गाड्या एका झुंडीत पळतात आणि एका लॅपमध्ये तीनदा पुढचा बदलतो.

तोवर घरी बसून बघायचं तर एवढं करा. युरोपातली शर्यत आपल्याकडे बहुतेक रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. पहिल्या क्रमांकाची गाडी सोडून द्या. सातव्या-आठव्या क्रमांकाच्या दोन गाड्या निवडा आणि डावीकडच्या पट्टीत त्यांच्यातलं अंतर बघत राहा. १.८, १.५, १.६, १.२. शेजारी टायरचा रंग बघा, कोणाचे किती लॅप्स झालेत ते बघा. आकडा एकच्या खाली आला आणि दोन लॅप्स तसाच टिकला की समजा, मागच्याने हवेवर काहीतरी तोड काढली आहे. मग मुलाला जवळ बोलवा आणि सांगा, गाडीकडे बघू नकोस, मागच्याचं पुढचं चाक बघ, पुढच्याच्या मागच्या चाकाच्या किती जवळ येतंय ते.